नागपूर ते परदेश : मधल्या विमानतळावरच्या ८-१० तासांचं काय करायचं?

धरमपेठकर
नागपूरहून परदेशी निघालं की बहुतेक वेळा मधे एक तरी थांबा आलाच. दोहामार्गे गेलं तर दोहात, नाहीतर मुंबई-दिल्लीला विमान बदलून पुढे दुबई, अबू धाबी, सिंगापूर किंवा फ्रँकफर्ट. सध्या समोर आहे ते नागपूर–दोहा–शिकागो तिकीट, एकाच पीएनआरवर. जाताना दोहात ९ तास, येताना ११. दोघं प्रवासी, पासष्टीच्या पुढचे, चालायला ठीक, शाकाहारी. भारतीय पासपोर्ट, त्यावर अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा.

एवढ्या वेळात शहरात जाऊन येता येतं का, की आतच राहिलेलं बरं? आत राहायचं तर झोप, आंघोळ, जेवण यांची सोय कशी असते? दुसऱ्या मार्गाने २-३ तासांचा थांबा मिळतो, पण तिकीट महाग पडतं. इतर विमानतळांचंही लिहा, धागा सगळ्यांच्या कामी येईल.

मिहान
आधी हिशेब मांडा. तिकिटावर ९ तास दिसतात, तेवढे हातात येत नाहीत.

विमानातून उतरून इमिग्रेशनपर्यंत पोचायला पाऊण तास. बसने टर्मिनलला आणलं तर हे हमखास. इमिग्रेशनची रांग पाऊण तास. मेट्रो, तिची वाट पाहणं आणि गाडी बदलणं मिळून ४० मिनिटं. झाले २ तास १० मिनिटं. परत येताना मेट्रो ४० मिनिटं, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी पाऊण तास, आणि अमेरिकेच्या विमानाला गेटवर किमान दीड तास आधी. हे २ तास ५५ मिनिटं. म्हणजे ९ मधून पाच तास गेले, शहरात उरले जेमतेम चार.

अमेरिकेच्या विमानाला दीड तास यासाठी की गेटवर कागदपत्रं पुन्हा पाहतात आणि काही जणांची वेगळी तपासणीही होते. गेट विमान सुटण्याच्या वेळेला नाही, साधारण २० मिनिटं आधी बंद होतं. घड्याळ त्या वेळेला लावायचं.

बर्डीवाला
धरमपेठकर भाऊ, चार तास कमी नाहीत बापा! दोहाची मेट्रो विमानतळापासूनच निघते. लाल लाईनने मशैरिबला उतरायचं, तिथून सोनेरी लाईनचं पुढचंच स्टेशन सूक वाकिफ, म्हणजे तिथला जुना बाजार. पायी गेलं तरी दहा-बारा मिनिटांत होते. एका फेरीचे २ रियाल, दिवसभराचे ६. टॅक्सीच्या भानगडीत काहून पडता?

एकच ध्यानात ठेवा. परत येताना लाल लाईनवर दोन प्रकारच्या गाड्या येतात, एक विमानतळाची, एक अल वकराची. डोक्यावरच्या पाटीवर विमानतळ लिहिलं असंल तीच पकडा. चुकून वकराच्या गाडीत बसलेच तर उक्बा इब्न नाफी स्टेशनला उतरून विमानतळाची गाडी घ्यायची. तिथं दोन्ही फाटे फुटतात. त्याच्यापुढं गेले तर अर्धा तास गेलाच समजा.

गोरेवाडा
@बर्डीवाला, मेट्रोचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी व्हिसा लागतो, त्याचं काय? भारतीय पासपोर्टला कतारमध्ये पोचल्यावर व्हिसा मिळतो, पण त्यासाठी परतीचं किंवा पुढचं पक्कं तिकीट, सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट आणि 'डिस्कव्हर कतार' या पर्यटन कंपनीच्या साइटवरून केलेलं हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं. दुसऱ्या कुठल्या साइटवरचं बुकिंग चालत नाही. म्हणजे चार तासांच्या बाजारासाठी एका रात्रीचं हॉटेल घ्यायचं. रात्री झोपायला खोली हवीच असेल तर हा खर्च वसूल होतो, नुसत्या फेरफटक्यासाठी नाही.

त्याच कंपनीच्या ट्रान्झिट प्रवाशांसाठी सशुल्क सहलीही असतात. बस, गाइड, ठरलेली वेळ, परत विमानतळावर आणून सोडणं. वय पाहता यांना तेच सोयीचं पडेल. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा पाहून घ्यावं.

फुटाळा
आणि कोणत्या वाराला, कोणत्या वेळी पोचता तेही बघा. नागपूरचं विमान पहाटे दोहात उतरलं तर सूक वाकिफची दुकानं उघडायला अजून तीन-चार तास असतात. दुपारी मधे बंद, खरी रौनक संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी तर काहीच नाही: मेट्रो उशिरा, इस्लामिक कलेचं संग्रहालयही दुपारनंतर. ते संग्रहालय वास्तुकार आय. एम. पेई यांनी आखलेलं, २००८ मध्ये उघडलेलं, समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर. वेळ असेल तर बाजारापेक्षा मी तेच सांगेन. मे ते सप्टेंबर दुपारी बाहेर चालूच नये. आपल्या नागपूरच्या उन्हाची सवय इथे कामी येत नाही, कारण तिथली हवा दमट असते.

कस्तुरचंद
जाताना आतच राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे चौदा-पंधरा तासांचं विमान आणि त्यानंतर शिकागोचं इमिग्रेशन. तिथे अधिकाऱ्याच्या प्रश्नांना ताज्या डोक्याने उत्तरं द्यायची असतात. फिरायचं ते येताना.

दोहाच्या हमद विमानतळाच्या आत काय आहे: मधल्या चौकात दिव्याखाली बसलेलं पिवळं अस्वल आहे, सात मीटर उंच. दिशा चुकली की तिथे परत यायचं. तिथून उत्तरेकडच्या भागात जायला इमारतीच्या आतच, डोक्यावरून छोटी ट्रेन धावते. तिकडे 'ऑर्चर्ड' नावाची बाग आहे, २०२२ साली उघडली. खरी मोठी झाडं, काचेचं छत, बसायला भरपूर जागा. सकाळी उजेड चांगला येतो आणि आखातापर्यंतचा प्रवास रात्रीचा झाला असेल तर शरीराला तो उजेड हवाच असतो.

झोपायला 'क्वाएट रूम' आहेत, पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगळ्या, आडवं होता येईल अशा खुर्च्या, पैसे नाहीत. रात्री बारा ते पहाटेपर्यंत भरलेल्या असतात, सकाळची विमानं सुटली की रिकाम्या होतात. म्हणून उतरल्या उतरल्या जागा मिळाली नाही तर आधी खाऊन घ्या, बागेत बसा आणि नऊच्या सुमाराला पुन्हा पाहा. एसी कडक असतो. शाल आणि पायमोजे हातातल्या बॅगेत हवेत, मोठ्या बॅगेत नाही. पाठ टेकायला खरा पलंग हवा असेल तर आतच ट्रान्झिट हॉटेल आहे, व्हिसा लागत नाही, पण तासांवर पैसे घेतात आणि आधी बुक केलं नाही तर खोली मिळेलच असं नाही.

सदर_बाजार
लाउंजबद्दल एक. भारतातल्या विमानतळांवर कार्डावर जी फुकट एंट्री मिळते ती परदेशात चालत नाही. वेगळा प्रायॉरिटी पास (लाउंजचं सदस्यत्व कार्ड) लागतो आणि त्यावर वर्षाच्या किती भेटी मोफत आहेत हे बँकेच्या पत्रात बघावं लागतं. मोफत भेटी संपल्या किंवा सोबतचा माणूस आत आला तर ३०-३५ डॉलर कार्डावर पडतात, आणि ते महिनाभराने बिलात दिसतात. शिवाय बहुतेक लाउंज तीन तासच बसू देतात. ९ तासांच्या थांब्यात ते शेवटचे तीन तास ठेवा: आंघोळ, गरम जेवण, मग गेट. सुरुवातीलाच वापरलं तर शेवटी पुन्हा बाकावर.

खरेदी करताना मशीन "रुपयात द्यायचे की रियालमध्ये" असं विचारतं. नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की दुकानाची बँक स्वतःचा वाढीव दर लावते.

तिकीटखिडकी
थांब्याचा उपयोग किती होणार हे तिकीट काढतानाच ठरतं, म्हणून हे आधी वाचा.

सगळे टप्पे एका पीएनआरवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणं विमान कंपनीची जबाबदारी असते. बॅग शेवटपर्यंत टॅग होते, दोन्ही बोर्डिंग पास पहिल्याच काउंटरवर मिळतात. वेगवेगळी दोन तिकिटं स्वस्त दिसली म्हणून जोडली की तुम्ही मधल्या विमानतळावर अनोळखी प्रवासी ठरता. इमिग्रेशनमधून बाहेर या (म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा), बॅग घ्या, पुन्हा चेक-इन करा. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं आणि दुसरं गेलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं, बहुतेक वेळा परतीचा टप्पाही बुडाला, कारण एक टप्पा चुकवला की पुढचे आपोआप रद्द होतात.

दुसरं, २४ तासांची रेघ. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा हा प्रवासाचाच भाग धरतात. त्याहून जास्त झाला की तो मुक्काम, भाडं वेगळं लागू शकतं आणि बॅग मधेच उतरवावी लागते.

तिसरं, हॉटेल. जवळचं जोडविमान उपलब्धच नसेल आणि थांबा मोठा असेल तर काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने खोली देतात. पण तुम्ही स्वस्त पडतं म्हणून मुद्दाम लांब थांबा निवडला असेल तर ती मिळत नाही. आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही, तेही तिकीट निघाल्यावर प्रवासाच्या आधी. विमानतळावर जाऊन मागून उपयोग नाही.

अजनी_चौक
नागपूर–मुंबई–सिंगापूर असेल तर मुंबईत टर्मिनल बदलताना किती वेळ ठेवायचा? नागपूरचं विमान टी-१ ला लागतं की टी-२ ला?

तिकीटखिडकी
@अजनी_चौक, कंपनीवर आणि विमानावर आहे, तिकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरूनच. टी-१ ला उतरलात तर रस्त्याने चार-पाच किलोमीटर, आणि संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर तेवढ्याला पाऊण तासही लागतो. आता मेट्रो-३ ची दोन्ही टर्मिनलला स्टेशनं आहेत, मधे फक्त सहार रोड. पण रात्री साडेदहाच्या सुमाराला शेवटची गाडी जाते आणि परदेशी विमानं बरीचशी त्यानंतरची. एका तिकिटावर तीन तास, वेगळ्या तिकिटांवर पाच, त्याहून कमी नको. दिल्लीतही टी-१ आणि टी-३ लांब आहेत, तोच नियम.

येताना मात्र वेगळा हिशेब. मुंबईत उतरून पुढे नागपूरला यायचं असेल तर एका तिकिटावर असलात तरी बॅग मुंबईत घ्यायची, कस्टममधून न्यायची, पुन्हा द्यायची. दोहाहून थेट नागपूर असेल तर बॅग, कस्टम, इमिग्रेशन सगळं सोनेगावलाच, म्हणजे नागपूर विमानतळावर. ज्येष्ठांसाठी हा फरक फार मोठा आहे. शिकागोचंही तसंच: अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बॅग घ्यावीच लागते, पुढे देशांतर्गत विमान असेल तर तिथेच पुन्हा द्यायची.

इतवारी_किराणा
आता खाण्याचं, कारण थांब्यावर सगळ्यात जास्त गोष्टी तिथेच काढून घेतात.

ठेचा, लोणचं, चटणी, तूप हे सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ धरतात. १०० मिलीच्या वरची बाटली मधल्या विमानतळावर जाते, कारण ट्रान्झिटलाही पुन्हा तपासणी होते. नागपूरच्या विमानतळावर आत घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा दोहात ठेवावी लागते. रिकामी बाटली न्या, आत पाण्याचे नळ आहेत.

अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. मेतकूट, भाजणी, सत्तू, काळा मसाला, सगळं मोठ्या बॅगेत.

सगळ्यात महत्त्वाचं: खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी आहे, सिंगापूरलाही ती अमली पदार्थांच्या नियमात येते. आपल्या सावजी मसाल्यात खसखस असते, अनारशांवर असते, बऱ्याच लाडवांत असते. दुबई किंवा अबू धाबीला बाहेर पडणार असाल तर असलं काहीच नको, आतल्या आत जाणार असाल तरी हातातल्या बॅगेत नको. दिवाळीत मुलांकडे जाणाऱ्यांनी हे नक्की पाहावं.

संत्रा बर्फी हातात न्यायला हरकत नाही, घट्ट आहे. पण शेवटचं ठिकाण युरोपीय संघात असेल तर दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, आणि खव्याची बर्फी त्यात येते.

बर्डीवाला
अन् खर्रा? लोकं खिशात घेऊन निघतात ना भाऊ.

इतवारी_किराणा
सोनेगावलाच टाकून द्या. सिंगापूरला चघळायचा तंबाखू आणणं सरळ गुन्हा आहे, च्युइंग गमही चालत नाही. ई-सिगारेट तर सिंगापूर, कतार आणि आपल्या देशातही नको.

अंबाझरी
सिंगापूरबद्दल, कारण त्या विमानतळाचे फोटो पाहून लोक ठरवतात आणि मग अडकतात. तो प्रसिद्ध ४० मीटरचा धबधबा 'ज्वेल'मध्ये आहे. मोशे साफदींनी आखलेली ही इमारत २०१९ साली उघडली. पण ती इमिग्रेशनच्या बाहेर आहे! व्हिसा नसेल तर ट्रान्झिट प्रवाशाला तिथे पाय ठेवता येत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा असेल, आणि त्या देशाला जाता-येताना पुढचं पक्कं तिकीट असेल, तर ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत मिळू शकते. येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट असेल तर ती खरी नाही.

आत राहायचं तर टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग, टर्मिनल २ च्या गच्चीवरची सूर्यफुलं, टर्मिनल १ वरची निवडुंगाची बाग, फुकटचं सिनेमागृह. आतल्या आत टर्मिनल बदलायला स्कायट्रेन. मोफत शहर सहल असते, थांबा साडेपाच ते २४ तासांचा हवा, आणि तिलाही प्रवेशाची पात्रता लागतेच.

घड्याळाचं एक सांगते. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे. भारतीय वेळेवर घड्याळ राहून गेलं तर माणूस गेटवर लवकर पोचतो, नुकसान नाही. सिंगापूर अडीच तास पुढे, तिथे तेच झालं तर विमान जातं. मोठ्या विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, फलक स्वतः पाहावा लागतो.

लक्ष्मीनगर
दुबई-अबू धाबी. दुबईत अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना पोचल्यावर व्हिसा मिळतो, बाकीच्यांनी ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विमान कंपनीमार्फत आधीच काढायचा. मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला आहे, टर्मिनल २ ला नाही. रविवारी मेट्रो सकाळी उशिरा सुरू होते.

अबू धाबीचं वैशिष्ट्य असं की अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, शिकागोला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बॅगेकडे. पण म्हणूनच तिथे दोन तासांचा थांबा घेऊ नये, ती रांग लांबली की सगळा वेळ त्यातच जातो.

गोरेवाडा
युरोपमार्गे जाणाऱ्यांसाठी एकच, पण महत्त्वाचं. फ्रँकफर्ट–म्युनिक–शिकागो अशी दोन शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांचा गट) विमानतळांची जोडणी स्वस्तात दिसते. त्यातलं मधलं विमान देशांतर्गत धरतात, म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश होतो आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. नसेल तर नागपूर-मुंबईच्या काउंटरवरच बोर्डिंग पास नाकारतात. एकच युरोपीय थांबा घ्या, आणि त्याच्या विमानतळ-ट्रान्झिट व्हिसाचा नियम त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर वाचा. लंडनचंही तसंच.

रामदासपेठ_दवाखाना
ज्येष्ठांसाठी. चालता येत असलं तरी व्हीलचेअर मागवा, किमान ४८ तास आधी, तिकिटावर नोंद करून घ्या. दोन प्रकार सांगतात: फक्त लांब अंतरासाठी, आणि जिना चढता येत नसेल तर. विमान बसवर लागलं तर दुसऱ्या प्रकाराला लिफ्टची गाडी येते, पहिल्याला नाही. म्हणून खरी गरज सांगा. मदतनीस मधल्या थांब्यात ठरलेल्या जागी बसवून जातो आणि बोर्डिंगच्या आधी नेतो. मधे फिरायचं असेल तर त्याला सांगून जा, नाहीतर तो शोधत बसतो.

औषधं पूर्ण प्रवासाची अधिक तीन दिवसांची, हातात, मूळ पाकिटात, इंग्रजीत चिठ्ठीसह. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली औषधं आखातात नियंत्रित आहेत. साधा वाटणारा खोकल्याचा पातळ डोसही त्यात येऊ शकतो. मधुमेह असेल तर गोळीची वेळ घड्याळावर नाही, जेवणावर धरा, आणि पहिल्या विमानाचं जेवण कधी येईल हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं. थांब्याचा तोही मोठा उपयोग आहे. शाकाहारी जेवण २४ तास आधी नोंदवा, "एशियन व्हेजिटेरियन" म्हणून. नुसतं "व्हेज" निवडलं तर उकडलेल्या भाज्या येतात.

पॉवरबँक मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच. २०,००० एमएएचची म्हणजे सुमारे ७४ वॅट-अवर, मर्यादा १००. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे, म्हणून थांब्यावरच फोन भरून घ्या.

मिहान
बॅग आली नाही किंवा फुटली तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार लिहून तिचा क्रमांक घ्या. विमान प्रवासातल्या भरपाईच्या माँट्रियल करारानुसार फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत. टॅगची चिठ्ठी आणि बोर्डिंग पास तोवर फेकू नका.

धरमपेठकर
सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं एका जागी कुठे मिळालं नव्हतं. आता महाग तिकिटाचं सांगा. २-३ तासांचा थांबा बरा की ९?

कस्तुरचंद
एका तिकिटावर, टर्मिनल बदलायचं नसेल आणि व्हीलचेअर असेल तर तीन ते पाच तास सगळ्यात छान. दोन तासांचा थांबा असेल तर पुढचं विमान चुकायला नागपूरच्या हिवाळ्यातलं एक धुकं पुरे होतं, डिसेंबर-जानेवारीत पहाटेची विमानं लांबतात. ९ तास लांब आहेत, पण त्यात सुरक्षितता आहे. तिकिटातला फरक दोघांचा मिळून ट्रान्झिट हॉटेलच्या सहा तासांच्या खोलीपेक्षा जास्त येत असेल, तर स्वस्त तिकीट घ्या आणि ती खोली घ्या.

बर्डीवाला
मी तर म्हणतो, जाताना खोली, येताना सहल. ११ तासांत मिहान भाऊच्या हिशेबाने सहा तास उरतात, अन् परतीला पुढचं विमान नागपूरचं, गेटवर अमेरिकेसारखी तपासणी नाही.

गोरेवाडा
@बर्डीवाला, सहमत. फक्त येताना दोहात कोणत्या वारी, किती वाजता उतरतात ते आधी पाहून सहल बुक करा, आणि परतीच्या प्रवासात ड्यूटी फ्रीची दारू घेऊन बाहेर पडू नका, कतारमध्ये आत नेता येत नाही. द्रव पदार्थांची ड्यूटी फ्री खरेदी सीलबंद पिशवीत, पावतीसह, आणि शेवटच्या थांब्यावरच करावी.

धरमपेठकर
ठरलं तर मग. जाताना आतली खोली सहा तास, उरलेला वेळ बाग आणि जेवण. येताना सहल, वार पाहून. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण आजच नोंदवतो. एक राहिलं: नागपूरला दोन्ही बोर्डिंग पास दिले नाहीत तर?

तिकीटखिडकी
तर काउंटर सोडू नका. बॅगेच्या टॅगवर शिकागोचं ओआरडी लिहिलंय का ते वाचा, दोहाचं डीओएच असेल तर तिथेच बदलून घ्या. टॅग बरोबर असेल आणि फक्त दुसरा पास निघत नसेल, तर दोहात उतरल्यावर ट्रान्सफर डेस्कवर मिळतो, इमिग्रेशनकडे वळायचं नाही. अमेरिकेच्या विमानासाठी व्हिसा तपासल्याशिवाय पास छापत नाहीत, त्यामुळे असं होऊ शकतं. तो घेतल्यावरच खोलीकडे जा.